एक तृतीयांशावरच्या रेघा

पालघर, १८ ऑगस्ट २०२५

रुचिता,

फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या फोटोच्या जागी जुलैपासून नुसता करडा गोल दिसतोय. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. खिडकीतल्या बाई पत्ता वाचून म्हणाल्या, नवापूर म्हणजे बोईसरच्या पुढंच ना, मग स्वतःच का नाही देऊन येत? मी सुट्टे पैसे शोधत राहिलो.

बरी आहेस ना? हा प्रश्न विचारायचा हक्क माझ्याकडे उरलाय असं गृहीत धरतो. शाळेपासून एका बाकावर बसलोय आपण. मी तुझी गणितं केली आणि तू माझे प्रयोग केलेस, कारण माझ्या हातून परीक्षानळी फुटायचीच.

इथे एक गंमत चालू आहे. ४ सप्टेंबरला माझी कायम होण्याची मुलाखत आहे आणि प्राचार्यांना आपलं काम 'सोप्या मराठीत' हवंय, कारण संस्थेचे अध्यक्ष स्वतः बसणार आहेत. काल लिहिलं. तुझ्यावर तपासून बघतो, पूर्वी बघायचो तसं.

'हायड्रोजन भरपूर असलेल्या काही संयुगांना प्रचंड दाबाखाली धरलं, तर त्यांतून वीज कणभरही न अडता वाहते, आणि त्यासाठी इतर पदार्थांइतकी टोकाची थंडी लागत नाही. असं संयुग कोणतं, हे आधी संगणकावर शोधतात. अणू कुठे बसतील, कसे थरथरतील, रचना टिकेल की मोडेल, हे सगळं गणितानं. मग प्रयोग करणारा माणूस दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसाच्या जाडीहून लहान कण ठेवून तो दाबतो. आमच्या कॉलेजच्या संगणकानं सांगितलेलं संयुग उणे अठरा अंशांनाच अतिसंवाहक व्हायला हवं. प्रयोगात ते अजून मिळालेलं नाही.'

शेवटचं वाक्य प्राचार्यांनी काढायला लावलं.

तीन वर्षं तू ते दाबत राहिलीस. हिऱ्यांच्या तीन जोड्या फुटल्या आणि मे महिन्यात तुझ्या संशोधन संस्थेनं फेलोशिप थांबवली. 'नमुना अशुद्ध, हाताळणी निष्काळजी.' आता १५ सप्टेंबरला तुझ्या अपिलाचा निकाल. तिथे हरलीस तर कुठल्याच प्रयोगशाळेत कुणी उभं करणार नाही, हे तू मला शेवटच्या फोनवर सांगितलं होतंस. म्हणून एक मित्र म्हणून सांगतो, समितीपुढे ताणू नकोस. हायड्रोजन पुरेसा शिरला नसेल, एवढंच म्हण. क्ष-किरणांच्या चित्रात दर वेळी दिसलेल्या त्या जास्तीच्या फिकट रेघा आहेत ना, त्यांच्यावर अपील उभं करू नकोस. मी तेव्हाही म्हणालो होतो, ती बाहेरून आलेली घाण असणार. तसं कुणाच्याही हातून होतं.

उत्तर पाठव. चार शब्दांचं चालेल.

ज्ञानेश

*

पालघर, २५ ऑगस्ट २०२५

रुचिता,

हे पाकीट पोस्टानं येणार नाही, तुझ्या आईच्या हाती देईन. काल बोईसरच्या बाजारात नलूमावशी भेटल्या. मी आईसाठी भाजी घ्यायला गेलो होतो आणि मासळीच्या ओळीकडून जायचं टाळणारच होतो, पण त्यांनी लांबूनच ओळखलं.

"काय रं ज्ञाना, किती बारीक झालास!" म्हणाल्या. समोर कोलंबीचा वाटा, हातात कोयता, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी तुझी चौकशी केली.

"घरातच हाय. बोलत नाय कोनाशी. हात बघत बसते."

मला कळलं नाही. मी विचारलं, हात कशाला?

"मना काय ठाव. परवा बोंबील साफ कराला दिलं तर बोलते, आय, माजे हात खराब हायेत, तू कर. सात वर्षाची होती तवापासून मासली साफ करते ती. आता बोलते, मी धरलेलं समदं बिगडतं." मग त्यांनी गिऱ्हाइकाला एक शिवी हासडली आणि मला म्हणाल्या, "तुजा कागद आलेला. तिनं घेतला. वाचला का नाय, तिचं ती जाने."

भाजी न घेताच घरी आलो. आईनं विचारलं तर पिशवी विसरलो म्हणून सांगितलं.

रुचिता, ऐक. मागच्या पत्रात मी त्या रेघांबद्दल जे लिहिलं ते जरा घाईनं लिहिलं. घाण असेल तर रेघा कुठेही पडतील, आणि प्रत्येक नमुन्यात वेगळ्या. तुझ्या तर पाचही नमुन्यांत एकाच जागी होत्या, बरोबर एक तृतीयांशावर. तू मला फोनवर तेच सांगत होतीस आणि मी तुझं वाक्य मध्येच तोडलं, "हिऱ्यांमधली ती गॅस्केटची चकती नीट पुसत जा." दुसऱ्या दिवसापासून तू प्रत्येक नमुन्याआधी तीन-तीन तास सगळं पुसत बसायचीस. हे तूच मला नंतर हसत सांगितलंस, आणि तेव्हाही मी काही बोललो नाही.

तर, ती घाण नसेलही. इतकंच म्हणतोय. अपिलात त्या रेघा राहू दे.

ज्ञानेश

*

बोईसर, २९ ऑगस्ट २०२५

रुचिता,

गणपतीसाठी घरी आहे. आईनं आमच्या बीडकडच्या पद्धतीनं सगळं साग्रसंगीत मांडलंय आणि कॉलनीतल्या बायका येऊन जाताहेत. आलेल्या प्रत्येकीला ती तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या फाटकावर लागलेल्या त्या फ्लेक्सचा फोटो दाखवते, मोबाईल पुसून पुसून. 'जागतिक दर्जाचे संशोधन, पालघरच्या मातीतून.' वर माझं तोंड. तुझं नाव खाली, जाहिरातदाराच्या नावाएवढ्या अक्षरांत.

आज दुपारी मी अण्णांना सांगितलं. तुला सांगायच्या आधी कुणालातरी सांगून बघावं म्हणून. आता तुलाही सांगतो.

मार्च २०२२ मध्ये मी ते पाहिलं होतं.

रचना टिकते की नाही हे बघायला आपण तिची कंपनं काही ठरावीक बिंदूंवर तपासतो. मी आधी दोन-दोनच्या जाळीवर तपासली, मग चार-चारच्या. सगळं छान होतं. त्याच जोरावर आपला लेख स्वीकारलाही गेला. मग उगाच एक खात्री म्हणून तीन-तीनची जाळी लावली आणि एका बिंदूवर उणे एकशे बारा आलं. उणे आकडा म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. तिथे रचना उभीच राहत नाही.

अण्णांना ते कसं सांगायचं म्हणून दोरी घेतली. ही बोटीची दोरी समजा, म्हटलं, आणि कुजलीय का ते बघायचंय. मधोमध दुमडली, घडी बघितली. परत दुमडली, पाव हिश्श्यावरची घडी बघितली. पण कुजकी जागा एक तृतीयांशावर असेल तर जन्मभर निम्मी-निम्मी दुमडत बसलं तरी घडी तिच्यावर पडत नाही. माझ्या दोन आणि चारच्या जाळ्या तशाच होत्या.

माझ्या वडिलांनी तीस वर्षं अणुवीज केंद्रात पाळ्या केल्या, पंपांची रीडिंग लिहिली. त्यांनी एवढंच विचारलं, "आरं पर तुला दिसलं का नव्हतं?"

दिसलं होतं, म्हणालो.

"मग लिवलं का न्हाई?"

म्हटलं, अण्णा, हायड्रोजन फार हलका असतो, तो एका जागी ठरतच नाही. कधी कधी त्याच्या त्या हलण्यानंच मोडकी रचना सावरते. इथेही तसंच होईल असं वाटलं. आमच्या धंद्यात असं म्हणतात, आणि ते खोटंही नसतं.

"काटा खोटं बोलतोय आसं आमालाबी लई येळा वाटायचं," अण्णा म्हणाले. "तरी दिसलं त्ये लिवायचं. खाली सही." मग ते उठून आरतीचं तबक पुसायला गेले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

खरं कारण हायड्रोजन नव्हताच. लेख स्वीकारल्याचा मेल आदल्या आठवड्यात आला होता, फ्लेक्स छापायला गेला होता आणि आईचे गावाकडे फोन करून झाले होते. मी ती फाईल काढून टाकली. कचऱ्यातूनही काढली.

एक तृतीयांशावर मोडलेली रचना काय करते? स्वतःला तिप्पट करून नव्यानं बसते. आणि तशी बसली की क्ष-किरणांत रेघा कुठे दिसतात ते तुला ठाऊक आहे, त्याच एक तृतीयांशावर. रुचिता, तू चुकली नव्हतीस. तुझ्या हातात जे होतं ते खरं होतं, आणि जगात ते पहिल्यांदा तूच पाहत होतीस. मी तुला ते पुसायला लावलं.

मी समितीला कळवणार आहे. पण नुसतं तोंडी कोण ऐकेल? आकडा हातात हवा. तीन-तीनचं गणित पुन्हा लावतो. आमच्या यंत्रावर अकरा दिवस लागतात. यंत्राच्या खोलीची किल्ली दादूकाकांकडे, म्हणजे आमच्या शिपायांकडे असते, आणि ते गणपतीला गावी गेलेत. सोमवारी येतील. १ तारखेला लावलं तर १२ ला निघेल. १५ च्या आत. वेळ आहे.

ज्ञानेश

*

पालघर, ८ सप्टेंबर २०२५

रुचिता,

हे पत्र लिहायची लाज वाटते, पण न लिहिण्याचीही वाटते.

गणित सोमवारीच लावलं. शनिवारी दुपारी पाऊस इतका कोसळला की लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत. बॅटरी वीस मिनिटं टिकली. अर्धवट काम साठवलेलं होतं, पण नेमकं साठवतानाच यंत्र बंद पडलं असणार, कारण फाईल उघडेना. सहा दिवस पाण्यात. दादूकाका माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "सर, कोन आजारी हाय का घरात? असे काय बसलाय?"

काल पुन्हा पहिल्यापासून लावलं. १८ ला निघेल. म्हणजे निकालानंतर तीन दिवसांनी. समिती एखादा आठवडा पुढे ढकलेल का, असं विचारणारा मेल मी लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही. कारण विचारतील, आणि कारण सांगायचं तर आकडा हवा.

आणि दुसरं. ४ तारखेला मुलाखत झाली. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "मग सर, हे प्रयोगात का नाही मिळालं?"

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलून सगळा प्यायलो आणि म्हणालो, "प्रयोगाच्या बाजूला काही अडचणी आल्या."

त्यांनी समजुतीनं मान हलवली. तू त्या खोलीत असतीस तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे, आणि ते योग्यच ठरलं असतं. मी कायम झालो. आईनं पेढे वाटले. अण्णांनी पेढा हातात घेतला आणि खिडकीत ठेवून दिला.

मला स्वतःची किळस आली आहे. हे मी सहानुभूती मिळवायला लिहीत नाही, किंवा कदाचित त्यासाठीच लिहितोय. माझं मलाच आता सांगता येत नाही. सकाळी उठलं की पहिल्यांदा यंत्रावर किती टक्के झालं ते बघतो, आणि ते वाढलेलं दिसलं की मी काहीतरी करतोय असं वाटतं. आज नऊ टक्के.

तू वाचतेस की नाही तेही ठाऊक नाही.

ज्ञानेश

*

पालघर, १९ सप्टेंबर २०२५

रुचिता,

काल तुझ्या ओट्यावर जे झालं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय. तू तिथे होतीस, तुला याची गरज नाही. पण आठ दिवसांनी मी ते माझ्या सोयीनं आठवायला लागेन. म्हणून एक प्रत तुझ्याकडे असू दे.

सकाळी गणित संपलं. उणे एकशे बारा. तोच बिंदू, तोच आकडा. मी अठरा पानं छापली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि रिक्षानं नवापूरला आलो. निकाल १५ लाच लागलाय हे मला ठाऊक होतं, काय लागलाय ते नव्हतं. वाटेत मी स्वतःला सांगत होतो की आता कागद आहे, आता पुन्हा उघडता येईल.

नलूमावशी दारात जाळ्याचा गुंता सोडवत होत्या. त्या म्हणाल्या, "आलास? बस." पाणी दिलं नाही. तू आतून आलीस आणि भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी फोल्डर पुढे केला. तू घेतला नाहीस. दोन्ही हात पाठीमागे होते.

"किती दिवस लागले?" तू विचारलंस.

"अकरा. मध्ये लाईट गेली, नाहीतर..."

"समितीनं तुला काय विचारलं होतं, ज्ञानेश?"

शाळेपासून तू मला ज्ञान्या म्हणतेस.

इथे ते लिहायलाच हवं जे मी एकाही पत्रात लिहिलं नाही. २१ जुलैला समितीनं मला मेल केला होता. सहलेखक म्हणून एकच प्रश्न होता: तुमच्या गणितात ही रचना अस्थिर असल्याचं कधी, कुठेही दिसलं होतं का? उत्तर होय किंवा नाही असं द्यावं. कागद नको होता, आकडा नको होता, फाईल नको होती. मी दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं. 'नाही.'

मला वाटलं होतं ते माझ्यात आणि समितीत राहील. मी फोल्डर मागे घेतला. तूच बोललीस.

"त्याची प्रत अर्जदाराला पाठवतात. २३ जुलैला मला मिळाली. मला तेव्हा काही संशय नव्हता तुझ्यावर. उलट वाटलं, ज्ञान्या नाही म्हणतोय म्हणजे नसेलच दिसलं. म्हणजे घाणच होती. म्हणजे माझेच हात. पण मग फोनवर तू अपिलाबद्दल विचारलंस आणि या मेलचं अवाक्षर काढलं नाहीस, तेव्हा तुझा नंबर बंद केला. मग तुझी पत्रं आली."

"सगळी वाचलीस?"

"सगळी. तिसरं वाचलं तेव्हा कळलं की दिसलं होतं. रडले. आईला विचार. मग वाटलं, आता हा ते 'नाही' मागे घेईल. चौथं पत्र आलं तर त्यात लाईट गेल्याचं."

नलूमावशींनी जाळं खाली ठेवलं. "मी तवाच बोलली हिला," त्या म्हणाल्या, "तूच धाड त्याचा कागद त्या लोकांना. तर बोलते, नाय आय. त्यानं सांगाला पायजे. त्याच्या तोंडानं."

मी म्हटलं, रुचिता, मला वाटलं पुराव्याशिवाय तुला उपयोग होणार नाही.

तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंस. "पुरावा माझ्याकडे होता रे. पाच नमुन्यांचा. मला साक्षीदार पाहिजे होता."

अपील फेटाळलं, हे तू त्यानंतर सांगितलंस, अगदी साध्या आवाजात. निकालपत्रात लिहिलंय की सहलेखकाच्या स्पष्ट नकारामुळे जास्तीच्या रेघांचा अर्जदाराचा दावा ग्राह्य धरता येत नाही. मी ते वाचायला मागितलं. तू आत गेलीस आणि परत आली नाहीस. बराच वेळ मी तिथेच उभा होतो. शेवटी नलूमावशी म्हणाल्या, "जा आता. रिक्षा नाय मिलायची मग."

एवढंच झालं. यात मी काही कमीजास्त केलेलं नाही. खाली सही करतो.

ज्ञानेश झुंबर नागरगोजे

*

पालघर, २० सप्टेंबर २०२५

रुचिता,

हे शेवटचं. यानंतर तुझ्या दारात माझं पाकीट येणार नाही.

आज सकाळी समितीला लिहिलं: 'तुमच्या २१ जुलैच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर खोटं होतं. खरं उत्तर होय. मार्च २०२२ मध्ये मी ते पाहिलं होतं आणि लपवलं. रुचिता यांना दिसलेल्या रेघा खऱ्या आहेत.' तेच लिहून लेख मागे घेण्याचं पत्र नियतकालिकाला धाडलं, आणि एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. अठरा पानं कशालाच जोडली नाहीत.

समितीचं उत्तर दुपारी आलं. तुलाही प्रत आली असेल. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. निकाल अंतिम असून नियमांत फेरविचाराची तरतूद नाही.

मी पत्र लिहायला बसलो तेव्हा घड्याळ पाहिलं होतं, आणि पाठवल्यावर पुन्हा पाहिलं. चार मिनिटं लागली.

ज्ञानेश